एकाची अट

गावडे मॅडम माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या बसमध्ये, आणि ओळखदेख काही न करता थेट प्रश्न विचारून. बारामतीच्या कॉलेजात मी नुकतीच मराठी शिकवायला लागले होते आणि रोज इंदापूरहून ये-जा करत होते. लासुर्ण्याला बस थांबली. कडक इस्त्रीची सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा आणि पायात चक्क पांढरे स्पोर्ट्स शूज अशा एक बाई चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. माझ्या मांडीवरच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर त्यांनी कॉलेजचं नाव वाचलं.

"तुमी मराठीच्या ना? राऊत मॅडम?"

"हो."

"मग मला एक सांगा. मूळ संख्येला मूळ का म्हणतात?"

मी म्हटलं, मला नाही माहीत. गणिताचा आणि माझा संबंध दहावीतच संपलेला.

"मला पण न्हाय नीट माहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर विचारलं. म्हटलं मराठीच्या बाईंना ठाऊक असंल."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या, निम्म्या माझ्या पदरात टाकल्या आणि खिडकीबाहेर बघत सोलायला लागल्या. बारामती येईपर्यंत पुन्हा एक शब्द नाही.

त्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. नाव शालन गावडे. माहेर सुप्याचं, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातलं. बी.एस्सी.ला त्यांनी गणित घेतलं होतं. लग्न होऊन लासुर्ण्याला आल्यावर, दोन मुलं झाल्यावर, त्यांनी कॉम्प्युटरची पदवी केली. कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर जूनमध्ये विभागप्रमुखांचा फोन आला तर नोकरी आहे आणि नाही आला तर नाही. वर्षानुवर्षं हा फोन येत होता, त्यामुळे तो न येण्याचा विचार आम्ही कुणी केला नव्हता. त्यांनी केला होता की नाही, मला ठाऊक नाही.

स्टाफरूममध्ये त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी काही बातमी आणली, अमक्याच्या मुलानं पळून जाऊन लग्न केलं, तमक्या सरांची बदली झाली, की मॅडम वर न बघता विचारायच्या, "भागून बघितलं का?" पहिल्यांदा मला हे कळलं नव्हतं. मग एकदा बसमध्येच उलगडा झाला. गळिताचा हंगाम होता आणि आमच्या पुढं उसानं भरलेल्या ट्रॉलीची रांग. बस मुंगीच्या पावलानं चाललेली. मॅडमनी पुढच्या ट्रॅक्टरच्या नंबरकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ही संख्या कशी वाटते?"

"कशी म्हणजे?"

"कुणानं भाग जाईल असं वाटतं का?"

"नाही वाटत."

"वाटतं म्हणू नका. भागून बघा."

आणि त्यांनी मला शेवटचा अंक, अंकांची बेरीज, मग सात, मग अकरा असं एकेक करून बघायला लावलं. तो नंबर शेवटी तेराच्या पाढ्यात निघाला. मला विनाकारण इतका आनंद झाला की मी मोठ्यानं ओरडले आणि कंडक्टरनं मागं वळून बघितलं. एखादी गोष्ट खरी वाटणं आणि ती खरी असणं यात तपासणीचं अंतर असतं, एवढंच त्या सांगत होत्या. पण हे वाक्य मी आज लिहितेय. त्या असलं वाक्य कधीच बोलल्या नसत्या. त्या पाढा म्हणायला लावायच्या.

त्यांचा वर्ग मी पहिल्यांदा पाहिला तो वीज गेल्यामुळं. आमच्याकडं वीज जाणं काही नवं नाही, पण कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये ती गेली की तासच संपतो. मुलं कँटीनकडं पळतात. त्या दिवशी मी व्हरांड्यातून चालले होते, तर गावडे मॅडमची सगळी बॅच व्हरांड्यात रांगेनं उभी. एका मुलीच्या हातात पाटीसारखा धरलेला पुठ्ठा, त्यावर ९१ लिहिलेलं. समोर काही मुलं-मुली, प्रत्येकाला एकेक आकडा दिलेला. दोन, तीन, चार, पाच, असं नऊपर्यंत. कडेला एक उंच मुलगा दोन्ही हात खाली सोडून उभा.

"हा झेंडा हाय," मॅडमनी मला सांगितलं. "कुणाचा भाग गेला की ह्यानं हात वर करायचा. हात वर गेला म्हणजे संख्या मूळ न्हाय. शेवटपर्यंत हात खालीच राहिला, तर मूळ. हाच आपला प्रोग्रॅम. लाईट काय करायचीय?"

दोन आकड्याचा मुलगा ९१ समोर आला, मनातल्या मनात भागलं, "जात नाही" म्हणाला आणि बाजूला झाला. तीनवाली आली. "जात नाही." मुलं खिदळत होती. सगळ्यांना खात्री होती की एक्क्याण्णव ही मूळ संख्याच. मलाही होती. चार, पाच, सहा झाले. सातवाला पोरगा आला, थबकला, बोटं मोजली आणि एकदम किंचाळला, "जातो! मॅडम, जातो! सात तेरे एक्क्याण्णव!"

उंच मुलाचा हात वर गेला आणि टाळ्या पडल्या.

"मॅडम, पण आमचं काय?" मागं उभ्या असलेल्या आठ आणि नऊच्या मुलींनी विचारलं.

"तुमचं काम झालं न्हाय हेच बरं. उगाच कष्ट कशाला?"

"आणि मॅडम, नऊवरच का थांबलात? दहा, अकरा कोण?"

हा प्रश्न यावा म्हणूनच जणू त्यांनी सगळा खेळ मांडला होता. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की मी जायचं विसरून तिथंच उभी राहिले. "समजा दहा न्हायतर त्याच्या पुढचा कुणी ह्याला भागणारा असला," त्या म्हणाल्या, "तर त्याचा जोडीदार कोण असंल? दहा दाहे शंभर, आणि आपली संख्या तर एक्क्याण्णव. म्हणजे जोडीदार दहाच्या खालचाच असणार, आणि खालचे सगळे आपण विचारून झालेत. तेरा यायच्या आधी सात येऊन गेलाच की न्हाय?"

त्यांच्या लॅबच्या खिडकीतून विभागप्रमुख देसाई सर हे बघत होते. मुलांना शिकवायचं प्रात्यक्षिकांचं पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं. आमच्या कॉलेजातच नव्हे, आसपासच्याही काही कॉलेजांत ते चालायचं. देसाई सर वाईट माणूस मुळीच नव्हते. शिस्तीचे, वक्तशीर आणि आपल्या पुस्तकाचा मनापासून अभिमान असलेले. पण पोरांना व्हरांड्यात उभं करून कॉम्प्युटर शिकवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. "मॅडम, अभ्यासक्रमात नाटक नाही," एवढंच ते त्या दिवशी म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "व्हय सर." पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा पोरं पुन्हा व्हरांड्यात होती.

मग ते वर्ष आलं.

पूजा नावाची एक मुलगी होती, मॅडमच्या माहेरची, सुप्याची. बोलायला बुजरी. लॅबमध्ये मूळ संख्या ओळखायचा प्रोग्रॅम चालू होता, पुस्तकात दिलेला जसाच्या तसा. सगळी मुलं वेगवेगळे आकडे टाकून बघत होती. पूजाला अकरा टाकायचे होते. एकदा एकची कळ दाबली आणि दुसऱ्यांदा दाबायच्या आत चुकून एंटर दाबला गेला. पडद्यावर उत्तर आलं, की एक ही मूळ संख्या आहे.

पूजा घाबरून म्हणाली, "मॅडम, माझं चुकलं."

मॅडम तिच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि मग, पूजा मला नंतर सांगत होती, पुस्तकातल्या प्रोग्रॅमची ओळ न ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. मग म्हणाल्या, "तुझं न्हाय चुकलं. माझं चुकलं."

संध्याकाळी बसमध्ये त्यांनी मला हे समजावून सांगितलं, आणि माझ्यासारखीलाही समजलं. पुस्तकातला प्रोग्रॅम दोनपासून सुरुवात करून एकेका आकड्यानं भागून बघतो. पण संख्याच एक असली, तर भागायला कुणी उरतच नाही. तपासणी सुरूच होत नाही. तपासणी झाली नाही म्हणजे भागणारा सापडला नाही, आणि भागणारा सापडला नाही म्हणजे मूळ.

"न तपासता पास केलंय त्याला," मॅडम म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं पोरांना हेच शिकवतीय. भागून बघा, भागून बघा म्हणत गावभर हिंडले, आणि स्वतः एक टाकून बघितला न्हाय कधी."

त्यांच्या आवाजात विनोद नव्हता. मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या देसाई सरांकडं गेल्या. मी काही कागदांवर सही घ्यायला तिथंच होते.

"सर, पुस्तकात एक अट राहिलीय. संख्या दोनपेक्षा लहान असली तर आधीच न्हाय म्हणायचं. एक ओळ हाय फक्त."

सरांनी पुस्तक उघडून बघितलं, मान हलवली. "बरोबर आहे तुमचं. पण मॅडम, एक टाकतंय कोण? परीक्षेत एक कुणी विचारत नाही."

"सर, ज्याला कुणी विचारत न्हाय त्याच्यासाठीच तर अट लिहायची असती."

सर हसले. "पुढच्या आवृत्तीत बघू. आत्ता मुलांना गोंधळात टाकू नका. परीक्षेत पुस्तकातलंच लिहू द्या, नाहीतर बाहेरचे परीक्षक मार्क कापतील आणि मग पालक माझ्याकडं येतील."

मॅडम वर्गात गेल्या आणि मुलांना म्हणाल्या, "पुस्तकात असं हाय. खरं असं हाय. दोन्ही फळ्यावर लिहिलंय. परीक्षेत काय लिहायचं ते तुमचं तुमी ठरवा." बहुतेकांनी पुस्तकातलं लिहायचं ठरवलं, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेत पूजाला नेमका तोच प्रोग्रॅम आला. बाहेरून आलेले परीक्षक सोलापूरकडचे, थकलेले आणि गमत्या स्वभावाचे गृहस्थ होते. पूजाचा प्रोग्रॅम वाचता वाचता ते थांबले. "ही पहिली ओळ कुठनं आणलीस? पुस्तकात तर नाही."

पूजानं मॅडमकडं बघितलं. मॅडम कॉलेजतर्फे परीक्षक म्हणून शेजारीच बसल्या होत्या. देसाई सर दारात उभे होते, परीक्षा कशी चाललीय ते बघायला आलेले.

मॅडमना गप्प बसता आलं असतं. दोन-चार मार्क गेले असते, पूजा पासच झाली असती. पण त्या म्हणाल्या, "सर, ती ओळ काढा आणि एक टाकून बघा."

परीक्षकांनी ओळ पुसली. एक टाकला. पडद्यावर उत्तर आलं आणि ते खुर्चीत मागं रेलून खो खो हसले. "अहो, मी कितीतरी कॉलेजांत हेच तपासत आलोय! कुणाचं पुस्तक म्हणालात हे?"

पुस्तक टेबलावरच होतं, आणि कव्हरवर नाव होतं. परीक्षकांनी ते वाचलं, दाराकडं बघितलं आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं. पूजाला पूर्ण मार्क मिळाले. देसाई सर दारातून निघून गेले.

त्यानंतर कुणी कुणाशी भांडलं नाही. सर मॅडमशी पूर्वीसारखेच नमस्कार करून बोलत. फक्त जूनमध्ये फोन आला नाही.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी बस लासुर्ण्याला थांबली आणि मॅडम चढल्या नाहीत. मला वाटलं बरं नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कॉलेजात वेळापत्रक लागलं, त्यात त्यांच्या जागी दुसरं नाव होतं. संध्याकाळी परत येताना मी लासुर्ण्याला उतरले.

त्यांच्या यजमानांची, विलासरावांची, उसाच्या रोपांची रोपवाटिका होती. शेडनेटच्या सावलीत प्लॅस्टिकचे ट्रे मांडलेले आणि मॅडम खाली बसून कोकोपीट भरत होत्या. मला बघून त्यांनी हात झटकले नाहीत, तसंच काम चालू ठेवलं.

"वाईट वाटतंय का?" मी मूर्खासारखं विचारलं.

"वाटतंय की. काल रडले पण. विलासराव म्हणाले, फोन करून विचार तरी. म्हटलं विचारायचं काय? त्यांना पण वाईट वाटलंय, मला पण वाटलंय. फिटंफाट."

त्यांचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. कानांनी जरा कमी ऐकायचे, पण हे ऐकलं. "सूनबाई, मला एक कळंना. त्या एकाला मूळ म्हटलं असतंस तर कुणाचं काय बिघडणार होतं?"

मला वाटलं मॅडम चिडतील. त्या उलट उठून आबांसमोर जाऊन बसल्या.

"आबा, सहा कसा होतो? दोन त्रिक सहा. दोन आणि तीन ही त्याची मुळं. दुसऱ्या कशानं होत न्हाय. प्रत्येक संख्येची मुळं अशी ठरलेली असत्यात. आता एकाला मूळ म्हटलं, की सहा म्हणजे दोन, तीन आणि एक. न्हायतर दोन, तीन, एक आणि आणखी एक. मग आणखी एक. कितीबी एक घाला, सहा तो सहाच. मग सहाची मुळं कुठली हे कधी ठरणारच न्हाय."

आबांनी विचार केला. "म्हंजी घरात शिरला की निघतच न्हाय असला पाव्हणा."

"व्हय! तसाच."

"मग बरं केलंस भाईर काढलास ते," आबा म्हणाले, आणि दोघं इतकी हसली की विलासराव पाइप टाकून बघायला आले. परत निघाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुमाला बसमधी पहिल्याच दिवशी इचारलं होतं ना, मूळ का म्हणत्यात? मलाच आत्ता आबांना सांगताना कळलं."

पण खरी गोष्ट इथून पुढं सुरू झाली. मॅडमच्या मनात आलं, की आपण इतक्या पोरांना चुकीचं शिकवलं, ते आता आपणच दुरुस्त करायचं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला गरजही वाटत नव्हती. त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना जिथं भेटतील तिथं धरायला सुरुवात केली. बँकेच्या काउंटरमागं बसलेला मुलगा, मेडिकलच्या दुकानातली मुलगी, भाजी मार्केटमध्ये डाळिंबाचे क्रेट उतरवणारा एक पदवीधर. "अरे, तो मूळ संख्येचा प्रोग्रॅम आठवतो का? त्यात मी एक चूक शिकवली होती."

इंदापूरला एका विद्यार्थ्याचं लग्न होतं. मी त्यांच्यासोबत होते. स्टेजवर नवरा-नवरीला भेटायला रांग लागलेली, फोटोग्राफर "इकडं बघा, इकडं बघा" करतोय. मॅडम नवऱ्यासमोर गेल्या, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि म्हणाल्या, "सुखी राहा. आणि हे बघ, एक ही मूळ संख्या न्हाय. मी तुमाला चुकीचं सांगितलं होतं."

नवरा आधी गोंधळला. मग त्यानं फेट्यासकट वाकून त्यांच्या पायांना हात लावला. नवरीनं कानात विचारलं, "काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "नंतर सांगतो." मागं रांगेतल्या बायका कुजबुजत होत्या. मला लाज वाटली, हे खरं. मॅडमना अजिबात वाटली नाही. खाली उतरून त्यांनी पंगतीत मला जिलेबी आग्रहानं वाढली.

जे गावात नव्हते त्यांना फोन. नितीन नावाचा एक मुलगा गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. त्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, आता असलं कुणी हातानं लिहीत नाही. सगळं तयार मिळतं."

"मग जे तयार मिळतं ते कुणीतरी लिहिलंच असंल की," मॅडम म्हणाल्या. "त्यानं एक टाकून बघितला का?"

नितीननं फोन ठेवला. पण त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही. त्यानं स्वतः केलेली कामं उघडून बघायला सुरुवात केली. त्यातलं एक काम असं होतं, की लाळ्या-खुरकुताची लस आली की ज्या सभासदांकडं जनावरं आहेत त्यांना मोबाईलवर संदेश जायचा. नितीननं अट लिहिताना 'एकापेक्षा जास्त' असं लिहिलं होतं. त्याला लिहायचं होतं एक किंवा जास्त. म्हणजे ज्यांच्या दारात एकच गाय किंवा एकच म्हैस होती, त्यांना संदेश गेलाच नव्हता. एकट्या राहणाऱ्या बाया, भूमिहीन कुटुंबं, म्हातारी माणसं. त्यांना वाटत होतं लस आली नाही. आणि केंद्रातल्या लोकांना वाटत होतं, ही माणसं बेफिकीर आहेत, सांगूनही येत नाहीत.

नितीननं त्याच दिवशी अट बदलली, केंद्रांना फोन केले, आणि पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांची गाडी पुन्हा त्या गावांमधून फिरली. नंतर तो मोटारसायकलवर लासुर्ण्याला आला. मॅडम ट्रे भरत होत्या. त्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही फोन केला नसता तर मी कधीच बघितलं नसतं."

मॅडमनी त्याला शाबासकी दिली नाही. त्यांनी विचारलं, "कुणाचं जनावर गेलं का त्यात?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

"माहितीत न्हाय. जाऊन विचार."

तो गेला. गावोगाव जाऊन त्यानं विचारलं, आणि कुणाचं गेलं नव्हतं असं त्यांना येऊन सांगितलं. तेव्हा कुठं मॅडमनी त्याला चहा दिला. ही हकिकत मला नितीननंच सांगितली. मॅडमनी कधीच नाही.

त्या वर्षी त्यांनी रोपवाटिकेच्या शेडमध्ये मुलींचा वर्ग सुरू केला. आसपासच्या वस्त्यांवरच्या मुली सायकलवर यायच्या. एक जुना लॅपटॉप, भिंतीला टेकवलेला फळा. आबा खुर्चीवर बसून ऐकायचे आणि मधूनच कुणाला तरी विचारायचे, "एकाचं काय केलंस गं?" पूजा सुट्टीत सुप्याहून यायची आणि धाकट्या मुलींना शिकवायची. तिचा बुजरेपणा कुठं गेला कुणास ठाऊक.

देसाई सरांचीही बाजू सांगायला हवी. वर्षभरानं ते मला कॉरिडॉरमध्ये थांबवून म्हणाले, "राऊत मॅडम, गावडे मॅडमना सांगा, नव्या आवृत्तीत ती अट घातलीय." मी म्हटलं, सर, तुम्हीच सांगा. ते घड्याळ बघत केबिनकडं वळले. पण जूनमध्ये फोन आला.

मॅडम गेल्या. मला वाटलं होतं मानाचा प्रश्न करतील. त्या म्हणाल्या, "पोरांचं पुस्तक नीट झालं. आता काय?" पहिल्या दिवशी त्या सरळ सरांच्या केबिनमध्ये गेल्या, आणि थोड्याच दिवसांत स्टाफरूममध्ये एक नवंच दृश्य दिसायला लागलं. मधल्या सुट्टीत ही दोघं समोरासमोर बसून कागदावर काहीतरी खरडतायत. देसाई सर मुळात गणिताचे एम.एस्सी. होते, हे आम्ही सगळे विसरून गेलो होतो. बहुधा तेही. मॅडम विचारायच्या, मूळ संख्या संपतात का? फार मोठी संख्या असली तर भागत बसायला जन्म पुरायचा नाही, मग कॉम्प्युटर एवढ्या लवकर कसं सांगतो? सर सुरुवातीला उत्साहानं सांगायचे. मग एके दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, ह्याच्या पुढचं मला येत नाही. येत होतं तेवढंही विसरलोय. तुम्ही रीतसर शिकायला जा."

दुसऱ्या कुणी हे बोलणं हसण्यावारी नेलं असतं. मॅडमनी पन्नाशीत पुण्याला एम.एस्सी.च्या गणितासाठी प्रवेश घेतला. मुलं आपापल्या नोकरीला लागली होती. वस्तीवर कुणी म्हणालं, ह्या वयात हॉस्टेलवर राहणार का? आबांनी त्याला परस्पर उत्तर दिलं, "राहील की. ट्रे भरायला आमी हाय हितं."

त्या पुण्यातच रमल्या, मी निवृत्त होऊन लेकीकडं नाशिकला आले, आणि फोनवर बोलणं होत असलं तरी त्यानंतर आमची समोरासमोर भेट झालेली नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या पुण्याला निघाल्या त्या सकाळच्या मॅडम.

त्या लासुर्ण्याला चढल्या आणि आम्ही बारामतीपर्यंत नेहमीसारख्या शेजारी शेजारी आलो. त्या दिवशी त्या फार बोलल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "मला जमंल का ओ?" पहिल्यांदाच मी त्यांना असं विचारताना ऐकलं. मी म्हटलं, जमेल. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू विचारत होत्या, हे कशावरून म्हणताय.

स्टँडवर पुण्याची बस लागली होती. कॉलेजच्या पोरांनी ती जवळजवळ भरली होती. मी खाली उभी राहिले. मॅडम आत चढल्या आणि खांद्यावरची बॅग सांभाळत उभ्याच राहिल्या. दारापाशी बसलेला एक मुलगा पटकन उठला.

"मावशी, बसा तुम्ही. मुलाला भेटायला चाललात का पुण्याला?"

"न्हाय रे बाळा. कॉलेजला चाललेय."

"शिकवायला?"

"शिकायला."

त्यानं शेजारच्याला सरकायला लावलं, दोघांच्या मध्ये त्यांना जागा करून दिली आणि जरा वेळानं, आपल्या बरोबरीच्या पोरीला विचारावं तसं विचारलं, "कुठलं वर्ष?"

"पहिलं," मॅडम म्हणाल्या.

बस हलली. काचेतून मला दिसलं, मॅडमनी त्या मुलाला काहीतरी विचारलं होतं आणि तो छताकडं बघत मनात हिशेब करत होता. दोन्ही हात मांडीवर ठेवून, पुढं झुकून, त्या त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या.